सीट गरम होते, पण एअरबॅग बदलली का? गाडीच्या 'रिकॉल'बद्दल सभासदांसाठी थोडं



आज डिझेलच्या कोट्याबद्दल किंवा बाजारभावाबद्दल लिहीत नाही, गाडीबद्दल लिहितोय. आता आपल्याकडे बऱ्याच घरांपुढे चारचाकी उभी असते. कुणाची मासळीची पिकअप, कुणाची इको, कुणाच्या मुलाने नोकरीच्या गावाहून आणलेली कार. बोटीच्या इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी आपल्याला झोप लागत नाही. पण गाडीचं काय बिघडलंय हे खुद्द कंपनी सांगत असते, तरी ते आपल्यापर्यंत पोचत नाही. असाच एक प्रकार दिवाळीत आपल्या एका सभासदाच्या घरी घडला. तो कळल्यावर वाटलं, हे सगळ्यांना सांगायलाच हवं.

सभासदाचा मुलगा हैदराबादला कंपनीत नोकरीला आहे. त्याने तिथेच एक जुनी, मोठी, विदेशी कंपनीची डिझेल गाडी घेतली. मूळची ती दिल्लीची. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बरीच वर्षं बंधनं आहेत, त्यामुळे तिकडच्या भारी गाड्या मुदत संपायच्या आत दुसऱ्या राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. ही तशीच फिरत फिरत हैदराबादला आली. विकणाऱ्याने कौतुकाने सांगितलं, "सीट गरम होते साहेब, आरसे पण गरम होतात, फुल ऑप्शन आहे." त्या ऑप्शनचे म्हणून थोडे जास्त पैसेही घेतले.

दिवाळीत गाडी गावात आली तेव्हा पोरांनी बटण दाबून दाबून मजा केली. बाहेर घामाच्या धारा आणि बुडाखाली शेगडी! सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मुलगा कागद दाखवायला संस्थेच्या कार्यालयात आला. आम्ही सहज म्हटलं, चासिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघू. टाकला, तर ड्रायव्हरच्या एअरबॅगचा रिकॉल बाकी! कंपनीने कित्येक वर्षांपूर्वीच ती फुकट बदलून द्यायची म्हणून जाहीर केलेली, पण दिल्लीच्या मालकाने बदलली नाही आणि मधल्या व्यापाऱ्याने सांगितलं नाही. त्याच गाडीतून हैदराबाद ते आपलं गाव असा प्रवास झाला होता, मागच्या सीटवर दोन लहान मुलं.

रिकॉल म्हणजे काय?

कंपनीने गाड्या विकल्यावर तिच्या लक्षात येतं की अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्यांत एखादा भाग सदोष गेलाय. मग ती त्या गाड्या परत बोलावते, भाग तपासते, दुरुस्त करते किंवा बदलून देते. खर्च कंपनीचा. गाडी कायमची परत घेतात असा याचा अर्थ नाही. बहुतेक वेळा एक-दोन तासांत किंवा एका दिवसात काम होऊन गाडी परत मिळते.

आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच यार्डातल्या पाच बोटींना एकाच खेपेचा खराब शाफ्ट बसवला गेला, आणि यार्डवाल्याने स्वतः निरोप धाडला की बोट वर घ्या, शाफ्ट बदलून देतो. असा निरोप आला तर आपण त्या यार्डवाल्याला प्रामाणिकच म्हणू. गाडीच्या बाबतीत मात्र रिकॉल ऐकलं की लोक म्हणतात, "ती गाडी बंडल आहे." तसं नाही. दोष निघणं वाईट, पण लपवणं जास्त वाईट. आणि कंपनीने सांगूनसुद्धा आपण गेलो नाही, तर पुढची जबाबदारी आपली.

एअरबॅगचा दोष आणि आपली हवा

त्या मुलाच्या गाडीतला दोष जगातल्या सगळ्यात मोठ्या रिकॉलमधला होता. टकाटा नावाची जपानी कंपनी अनेक मोठ्या गाडी कंपन्यांना एअरबॅग पुरवायची. एअरबॅग म्हणजे घडी करून ठेवलेली पिशवी. टक्कर झाली की धातूच्या डब्यातलं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. टकाटा त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरायची. हे रसायन खतात आणि खाणीतल्या स्फोटकांतही असतं.

आता पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचं काय होतं ते घरच्या बायकांना विचारा. पाणी सुटतं, नंतर उन्हात ठेवलं की खडा होतो, परत पाणी सुटतं. या रसायनाचंही दमट हवेत आणि उन्हाच्या चढउतारात वर्षानुवर्षं तसंच होत गेलं. त्याच्या वड्या भुसभुशीत झाल्या. भुसभुशीत वडी पेटली की हवी त्यापेक्षा फार जोरात जळते, डबा फुटतो आणि त्याचे पत्र्याचे तुकडे पिशवी फाडून माणसाच्या अंगात घुसतात. जीव वाचवायला ठेवलेली वस्तूच जीव घेते.

अमेरिकेत या दोषामुळे पंचवीसहून अधिक माणसं दगावली. मलेशियासारख्या उष्ण आणि दमट देशातही मृत्यू झाले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख डबे बदलायचे ठरले. टकाटा कंपनीचं जून २०१७ मध्ये दिवाळं निघालं. तिथल्या सरकारने बदलायचा क्रम लावताना फ्लोरिडासारख्या गरम, दमट आणि समुद्राकाठच्या राज्यांना पहिला नंबर दिला, कारण धोका तिथे जास्त. थंड राज्यांचा नंबर नंतर.

म्हणजे फ्लोरिडाला जे लागू, ते आपल्या किनाऱ्यालाही लागू. आपल्या देशातही या एअरबॅगसाठी रिकॉल झाले. होंडाने २०१७ च्या जानेवारीत ४१,५८० आणि २०१८ च्या जानेवारीत २२,८३४ गाड्या याच कारणासाठी बोलावल्या. त्या गाड्या आता जुन्या झाल्या, तिसऱ्या-चौथ्या हातात गेल्या. तुमच्या घरात किंवा नात्यात दहा-बारा वर्षांची, कुठल्याही कंपनीची एअरबॅगवाली गाडी असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर पहिलं काम तिचा नंबर तपासायचं करा.

आपल्या वापरातल्या गाड्यांचे रिकॉल

हे फक्त मोठ्या गाड्यांचं नाही. जुलै २०२३ मध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि इको मिळून ८७,५९९ गाड्या बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा एक भाग तुटू शकतो, असं कारण होतं. टाय रॉड तुटणं म्हणजे बोटीचं सुकाणू सुटण्यासारखं. आपल्याकडे मासळीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या इको किती आहेत ते तुम्हीच मोजा.

त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीनेच सियाझ, अर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-६ या पेट्रोल गाड्यांपैकी १,८१,७५४ गाड्या बोलावल्या, मोटर जनरेटर युनिट तपासायला. तेव्हा मालकांना एक सूचना होती: काम होईपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा मारा करू नका. आता बंदरावर भरतीचं पाणी, वर बर्फाचं पाणी, आणि घरी आल्यावर पाइपने बोनेटच्या आत धुलाई! ज्यांच्यासाठी ही सूचना सर्वांत महत्त्वाची होती, त्यातल्या कितींनी ती वाचली असेल?

महिंद्रानेही २०२१ मध्ये २९,८७८ पिकअप गाड्या द्रवाचा एक पाइप बदलण्यासाठी बोलावल्या होत्या, जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ मध्ये बनलेल्या. तेव्हा मासळीची गाडी आहे, आपल्याला काय, असं समजू नका.

हैदराबादची स्कूटर

हैदराबादचा विषय निघाला म्हणून तिथलंच एक सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर विजेच्या स्कूटरना आगी लागत होत्या. मार्चच्या शेवटी पुण्यात एक पेटली. एप्रिलमध्ये तेलंगणातल्या निजामाबादला, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारी, एका घरात रात्री चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली आणि तिथे झोपलेले वृद्ध गृहस्थ दगावले. त्याच आठवड्यात हैदराबादच्या प्युअर ईव्ही कंपनीने आपल्या २,००० स्कूटर परत बोलावल्या. ओकिनावाने ३,२१५ आणि ओलाने १,४४१ बोलावल्या. केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली, आणि बॅटरीच्या चाचणीचे कडक नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले.

यातून घरोघरी लागू पडेल असं इतकंच: स्कूटरची बॅटरी झोपायच्या खोलीत, दाराच्या तोंडाशी किंवा जिन्याखाली चार्जिंगला लावू नका. उन्हातून आल्या आल्या लगेच लावू नका, थंड होऊ द्या. कंपनीचाच चार्जर वापरा. बॅटरी फुगली, वास आला किंवा पाण्यात बुडाली असेल तर ती वापरूच नका. २०२३ च्या आधीची स्कूटर जुनी घेत असाल तर रिकॉल झाला होता का, बॅटरी बदलली का, हे लेखी घ्या.

थंडीच्या सोयी: काय कामाचं, काय नाही

आता त्या गरम सीटकडे येऊ. हैदराबादेत जानेवारीच्या पहाटे साधारण १४-१५ अंश असतात, क्वचित दहाच्या खाली. मे महिन्यात दुपारी चाळीस. आपल्या किनाऱ्यावर तर तेवढीही थंडी नाही. मग अशा सोयींना पैसे द्यायचे का? एकेक बघू.

गरम सीट आणि गरम स्टिअरिंग: आपल्याकडे शून्य उपयोग. ज्यांची मुलं कॅनडात, अमेरिकेत आहेत त्यांना तिथे ती गरज आहे. आपल्याला उलट हवा खेळती ठेवणारी सीट बरी, तीही परवडत असेल तर.

मागच्या काचेवरच्या बारीक तारा, म्हणजे डिफॉगर: ही सोय थंड देशातून आली, पण आपल्या पावसाळ्यात खरी कामाची. मागची काच धुरकट झाली की बटण दाबा, पाच-दहा मिनिटांत स्वच्छ. गरम होणारे बाजूचे आरसेही पावसात असेच उपयोगी. गाडी घेताना हे दोन्ही चालतात का ते बघून घ्या. काच पुसताना तारा खरवडू नका.

पुढच्या काचेचं धुकं: पावसात काच आतून धुरकट झाली तर एसी चालू करा आणि हवा काचेवर सोडा. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून काच साफ होते. काच बाहेरून धुरकट झाली असेल तर ती एसीने जास्त गार पडली आहे असं समजा, वायपर मारा आणि गारवा कमी करा. हातरुमालाने पुसत गाडी चालवू नका. थंड देशांत काच साफ राहणं ही कायद्याने सक्तीची गोष्ट आहे. टेस्लाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत २६,६८१ गाड्यांचा रिकॉल काढला, कारण एका संगणकीय चुकीमुळे काचेवरचं दव नीट जात नव्हतं. समोरचं दिसणं ही चैन नाही, हे ते लोक मानतात. आपणही मानायला हवं.

कूलंट: यालाच अँटीफ्रीज म्हणतात. नाव ऐकून आपले ड्रायव्हर म्हणतात, "इथे कुठे बर्फ पडतो?" आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. ही मोठी चूक. ते द्रव्य पाणी गोठू देत नाही तसंच पाण्याचा उकळबिंदूही वाढवतं, आणि आतला गंज थांबवतं. म्हणजे थंडीपेक्षा आपल्या उन्हाळ्यात त्याची गरज जास्त. बोअरच्या पाण्याने आत क्षार बसतात आणि इंजिन गरम होतं. कंपनीने सांगितलेलंच कूलंट घाला. आणि गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका.

थंडीचे टायर: बाहेरून आलेल्या जुन्या टायरांत कधी कधी हे असतात. त्यांचं रबर मऊ असतं, सात अंशांखालच्या थंडीसाठी बनवलेलं. आपल्या तापलेल्या रस्त्यावर ते लवकर झिजतात आणि ब्रेकही नीट लागत नाही. स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

बॅटरी: थंडीत गाडी उचलत नाही हे खरं, पण साध्या बॅटरीचं आयुष्य खातं ते ऊन. शक्य तिथे गाडी सावलीत लावा.

मीठ: हे मात्र थंड देशाकडून शिकण्यासारखं. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाडीचा खालचा सांगाडा आणि ब्रेकचे पाइप गंजतात. म्हणून काही रिकॉल फक्त मीठ टाकणाऱ्या राज्यांपुरते निघतात. आपल्याकडे रस्त्यावर मीठ कुणी टाकत नाही, पण आपण मासळीच्या टपातून खारं पाणी रोज चासिसवर सांडतोच. बोटीला आपण झिंक लावतो, रंग मारतो. तशी गाडीही खालून दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा, आणि पावसाळ्याआधी खालून गंजरोधक कोटिंग मारून घ्या. ब्रेकचे पाइप मेस्त्रीला दाखवा.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे जुलै २०१२ पासून कंपन्यांनी स्वतःहून रिकॉल करायची पद्धत सुरू केली. नंतर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आता सात वर्षांच्या आतल्या गाड्यांमध्ये सुरक्षेचा दोष असल्याच्या पुरेशा तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला रिकॉलचा हुकूम देऊ शकतं, आणि १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड करू शकतं. तक्रार 'वाहन' पोर्टलवर करता येते. सरकार तक्रारींची संख्या बघतं, म्हणून एकाच गाडीत तोच दोष आपल्या चार जणांना आला असेल तर चौघांनीही तक्रार करा. "एकाने केली, बास झालं" असं नको.

आता काय करायचं?

१. आरसी काढा. त्यावर १७ अंक-अक्षरांचा चासिस नंबर असतो. गाडीच्या दाराजवळ किंवा पुढच्या काचेच्या खालीही तो सापडतो.

२. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर तो टाका. जमत नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, "माझ्या गाडीचा काही रिकॉल बाकी आहे का?"

३. गाडी जुनी घेतली असेल तर सर्व्हिस सेंटरला आपला फोन नंबर आणि पत्ता नोंदवा. निरोप पहिल्या मालकाच्या नंबरवर जातो, तुमच्यापर्यंत येत नाही. दिल्लीच्या गाडीचं हेच झालं.

४. जुनी गाडी घेताना पैसे देण्याआधी चासिस नंबर मागा. विकणारा नंबर द्यायला टाळत असेल तर गाडी सोडून द्या.

५. काम झाल्यावर जॉबकार्डवर काय बदललं ते लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा.

६. रिकॉलचं काम फुकट असतं. "रिकॉलची फी भरा", "ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोर आहे.

७. एअरबॅगची तार गॅरेजवाल्याकडून काढून घेऊ नका. "काढून टाक, कटकट नको" असं म्हणणारे भेटतील. मग खऱ्या टकरीत तुम्हाला वाचवायला काहीच उरत नाही. एअरबॅग अधिकृत ठिकाणीच बदला.

त्या मुलाचं पुढे काय झालं? आमच्या सांगण्यावरून त्याने गाडी गावातच ठेवली आणि बसने हैदराबादला गेला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्व्हिस सेंटरने आधी सांगितलं, गाडी जुनी आहे, बघावं लागेल. चासिस नंबर आणि रिकॉलचं पान छापून दिल्यावर भाग मागवला. तीन आठवडे लागले. काम एका सकाळीत झालं आणि एक रुपयाही लागला नाही. गाडी न्यायला आला तेव्हा तो म्हणाला, "काका, सीटला पैसे दिले आणि एअरबॅग विचारलीच नाही."

ही चूक त्याच्या एकट्याची नाही. बोट घेताना आपण आधी लाकूड ठोकून बघतो, इंजिन उघडून बघतो, रंग शेवटी बघतो. गाडी घेताना मात्र आधी रंग आणि बटणं बघतो. तेवढी सवय बदलू या.

ज्यांना चासिस नंबर तपासता येत नाही त्यांनी आरसीची झेरॉक्स घेऊन सकाळच्या वेळेत कार्यालयात यावं. आम्ही बसून तपासून देऊ. मुलं हैदराबाद, पुणे, मुंबई कुठेही असोत, त्यांनाही हा लेख पाठवा. आणि घरातली गाडी कुणाच्याही नावावर असो, घरच्या बायकांनीही एकदा विचारा, "नंबर तपासला का?" घरातून हा प्रश्न गेला की काम लवकर होतं, हा आमचा अनुभव आहे.

सगळे सुखरूप राहा, समुद्रावरही आणि रस्त्यावरही.

आपला,
सचिव